तारा कुठला, तेवढं सांगा

...नाही, पण उंची कशाला विचारायची? तुम्हीच सांगा. माणूस गेला म्हणून भेटायला आलात, खुर्चीत बसलात, पाणी प्यायलात, डोळे पुसलेत, 'फार वाईट झालं' म्हणालात, इथपर्यंत सगळं ठीक. पण मग मान जरा पुढे काढून, आवाज खाली आणून, 'किती उंचावरून पडला म्हणे?'... हे कशाला? माप घ्यायला आलात का तुम्ही?

आणि खरं सांगितलं तर तोंडं उतरतात हो त्यांची! माझा दादा सीलिंगवाला. जन्मभर लोकांच्या डोक्यावर छतं लावत फिरला. बांबूच्या परांचीवर उभं राहून कामं केली, एकदा तर एका सभागृहाच्या घुमटाला आतून हात फिरवून आला, खाली मी डोळे मिटून उभा होतो आणि हा वर शीळ घालत होता. तिथून नाही पडला. मग पडला कुठून? घोडीवरून. घोडी म्हणजे आमची दोन तंगड्यांची शिडी हो, फाकवून उभी करायची ती. तिच्यावरून उतरताना, म्हणजे उतरलाच होता जवळजवळ, शेवटच्या पायरीवरून. एवढ्यावरून, बघा... एवढ्यावरून! एवढ्यावरून मांजर उडी मारतं आणि मागे वळूनही बघत नाही. दादाचं डोकं मागच्या लोखंडी पलंगाच्या कठड्यावर आपटलं, आणि संपलं.

हे मी पहिल्यांदा दादाच्या सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, 'एवढ्यावरून?' चक्क नाराज! मावशी म्हणाली, 'एवढ्यावरून कुणी जातं का रे?' म्हणजे जसं काही दादा त्या पलंगाखाली जिवंत आहे आणि मीच सांगत नाहीये! मग काय करणार? मी उंची वाढवली. इस्त्रीवाल्याला कमरेएवढी सांगितली, त्यानं नुसती मान हलवली. दूधवाल्याला पुरुषभर सांगितली, तो जरा हळहळला. आईच्या चुलतभावाला मी पहिला मजला दिला. आणि शेवटी शेवटी, तुम्हाला सांगतो, माझा दादा त्या सभागृहाच्या घुमटावरून पडत होता आणि लोक काय समाधानानं रडत होते! 'अरेरे, घुमटावरून! मग काय राहणार!' वहिनी आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली, कप उचलले, आणि जाता जाता म्हणाली, 'भाऊजी, आता खाली उतरवा त्यांना.'

तेव्हापासून मी उंची सांगत नाही.

पण उंचीचं एक वेळ सोडा. खरा छळ मांडलाय तो त्या शब्दानं. तो शब्द कानात शिरलाय ना, तो निघतच नाही. डास शिरल्यासारखा. आणि तो शिरला कसा ते सांगायचं तर आधी काम सांगायला पाहिजे.

काम होतं एका कप्तानांकडे. कप्तान म्हणजे बोटीवरचे, खरेखुरे, समुद्रावर जन्म काढलेले. आता कमरेखाली जीव नाही, पलंगावर पडून असतात, नुसते डोळे आणि मिशा. त्यांचा मुलगा परदेशात. त्याच्या मनात आलं, बाबांना दिवसभर पांढरं छत बघत पडावं लागतं, तर त्यांच्या डोक्यावर आकाशच बसवून देऊ. आता आकाश म्हणजे काय, तर काळ्या फळ्या, त्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं, एकेका भोकात केसासारखा फायबरचा एकेक दोरा, आणि त्या सगळ्या दोऱ्यांची जुडी करून ती वर माळ्यावर एका दिव्याच्या पेटीत खुपसायची. पेटी लावली की खाली तारे. दुसरे सीलिंगवाले असली भोकं कशीही पाडतात हो, मूठभर मोहरी फेकावी तशी. कोण मोजायला जातंय? पण ह्या मुलानं छापील नकाशाच पाठवला होता. कप्तान पहिल्यांदा स्वतःच्या ताब्यात बोट घेऊन निघाले, त्या रात्रीचं आकाश. जसंच्या तसं पाहिजे म्हणाला, एक तारा इकडचा तिकडे नको.

आणि आमची कामाची पद्धत अशी, की दादा वर आणि मी खाली. पहिल्यापासून. दादा वर फळी धरून ओरडणार, 'सरळ आहे का रे?' मी खालून मान मोडून बघणार आणि ओरडणार, 'डावीकडे घे!' की लगेच वरून, 'तुझं डावं की माझं डावं?' कारण त्याचं तोंड तिकडे, माझं इकडे. 'माझं!' 'मग माझं उजवं म्हण ना!' 'तूच समजून घे ना!' 'मी वर लटकलोय, तू खाली उभा आहेस, समजून कोणी घ्यायचं?' ह्या एका डाव्या-उजव्यावरून आम्ही जेवढे भांडलो असू तेवढे सख्खे भाऊ जमिनीवरूनसुद्धा भांडत नाहीत. लोक म्हणायचे, दोघं बरोबर काम करतात कसे? आम्ही बोलायचो तेवढंच तर होतं ते! घरी आम्ही बोलायचोच नाही फारसं. काय बोलणार? 'सरळ आहे का?' आणि 'तुझं डावं की माझं डावं?'... ह्यात सगळं आलं.

त्या दिवशी मात्र उलटं झालं. कोपऱ्यातली एक फळी सोडली तर सगळं आकाश लागलं होतं. दादा म्हणाला, पेटी लावून बघू. आता माळ्यावर जागा अशी, की वरचं कौलारू छप्पर आणि खाली आमचं नवं छत, मधे एक माणूस पालथा सरपटेल एवढीच. दादाचं पोट सुटलेलं. मला म्हणाला, 'जा तू, तुझ्या हाडांना एवढी जागा पुष्कळ.' म्हणून मी वर गेलो आणि दादा खाली राहिला. त्यानं कप्तानांच्या खोलीचे जाड पडदे ओढले, भर दुपारी मिट्ट अंधार केला, जवळून बघायला पलंगाशेजारच्या घोडीवर चढला, आणि मी पेटी लावली.

वरून काय दिसतं, माहितीये तुम्हाला? काही नाही! दोऱ्यांच्या पाठी, डिंकाचे ठिपके, धूळ आणि एक मेलेलं झुरळ. आकाशाच्या मागच्या बाजूला हे असतं, तुम्हाला सांगतो. मी वरून ओरडलो, 'दादा, सरळ दिसतंय का?' खाली काहीतरी बोलणं चाललं होतं, कप्तानांचा खर्जातला आवाज, मग दादाचं हसू. मी परत ओरडलो, 'अरे, सरळ आहे का?' तर एक आवाज झाला. प्लास्टरचं पोतं टाकल्यासारखा. मी म्हटलं, 'काय पाडलंस?' मी म्हटलं, 'बहिरा झालास का?' आणि मग घंटी वाजली. कप्तानांच्या पलंगाला एक पितळी घंटी आहे, बोटीवरची. ती ते वाजवायचे म्हणजे आतून बाई चहा घेऊन यायची, आम्हालाही मिळायचा. घंटी वाजायला लागली, टण टण टण टण, थांबेचना. आणि मी वरून काय ओरडलो असेन?

'दादा, चहा आला वाटतं, माझा झाकून ठेव!'

...हसा. हसा हो, मी पण सांगताना हसतोच. नंतर ते हसू लवकर थांबत नाही, तो भाग वेगळा.

मग पावलं वाजली. आमचा सुपरवायझर आला. त्याला आम्ही हेल्मेट म्हणतो, कारण साइटवर हेल्मेट एकच आणि ते त्याच्या डोक्यावर, आणि तो स्वतः कायम दाराबाहेर उभा, जिथे वरून काही पडायची सोयच नाही! मी माळ्याच्या भोकातून डोकं खाली काढलं. तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी दादाला वरून बघितलं. रोज खालून बघायचो, तळवे, पोटऱ्या, हनुवटीखालची न केलेली दाढी. वरून तो लहान दिसत होता. डोक्यावर तारे पेटलेले, खोलीत तेवढाच उजेड, आणि हेल्मेट त्याच्याजवळ जायच्या आधी फोन कानाला लावून कप्तानांच्या मुलाला सांगतोय, 'सर... सर, टोटल डिझास्टर, सर.'

हा तो शब्द.

मी शाळेत फार गेलो नाही, पण हा शब्द मला माहीत होता की! कुणाला माहीत नाही? पिक्चर पडला की डिझास्टर. दादाचं लग्न झालं तेव्हा वहिनीनं पहिल्यांदा पोळ्या केल्या, तर दादा एक पोळी छताला धरून म्हणाला, 'ही वर लावली तर गळणार नाही... पण जेवायला डिझास्टर.' मग मला सांगा, करपलेल्या पोळीला जो शब्द, तोच माझ्या दादाला? त्या शब्दात मावतं तरी काय काय? का पिशवीच आहे ती, कुणीही काहीही कोंबावं?

डोक्यात एकदा घुसलं की मला राहवत नाही. आई म्हणते, ह्याचे पाय आधी निघतात आणि मग डोकं मागून पळत जातं. शेजारी एक शिकवणी घेणारे सर राहतात. गेलो तसाच, दाढी वाढलेली, अंगात दादाचा शर्ट. म्हटलं, 'सर, डिझास्टर म्हणजे काय हो?' तर सरांचा चेहरा असा उजळला! 'वा! छान प्रश्न!' बघा हं, माझा भाऊ गेलाय आणि ह्यांना प्रश्न छान वाटतोय! चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. 'हे बघ, ह्या शब्दाचे दोन तुकडे. डिस म्हणजे वाईट, फिरलेला. ॲस्टर म्हणजे तारा. तुकडे मुळातले फार जुने, पार ग्रीक आणि लॅटिनमधले. इटलीच्या लोकांनी ते जोडले, फ्रेंचांनी उचलले, आणि तिथून ते इंग्रजांकडे आले. पूर्वी काय समजूत होती, की माणसावर घाला येतो तो ताऱ्यांमुळे. तारा फिरला की माणूस बुडाला. म्हणून डिझास्टर म्हणजे वाईट तारा! आलं लक्षात?'

मी म्हटलं, 'तारा कुठला?'

'कुठला म्हणजे?'

'वाईट तारा. तो कुठला?'

'अरे, तसा एक तारा नसतो. ती आपली समजूत.'

'समजूत कशी? एवढ्या देशांतून शब्द फिरून आला, एवढ्या लोकांनी हातानं पुढे दिला, त्यातल्या एकानं तरी बघितला असेल ना! तारा कुठला, तेवढं सांगा.'

सर म्हणाले, 'तू जरा झोप घे.'

झोप घे! तुमच्या लक्षात येतंय का? जिथे दादा गेला त्या खोलीत तारे लावले कुणी? आम्ही! खऱ्या आकाशातल्याचं मला काय करायचंय, ते लांब आहेत, पण त्या खोलीत दादाच्या डोक्यावर जे होते ते आमच्या ड्रिलनं पाडलेले होते. मग त्यातलाच एक असणार! पाय सुटला तेव्हा दादा वर बघत असणार. स्वतः केलेलं काम पहिल्यांदा पेटलंय, माणूस वरच बघणार ना? एक कुठलातरी बघत राहिला, आणि पाय चुकला. कुठला? मला त्या विचारानं जेवण जाईना. घरात कुणीतरी फुलं आणून ठेवली होती, जांभळी, बारीक पाकळ्यांची. मी म्हटलं, कसली ही? तर आणणारा म्हणतो, 'ॲस्टर.' आता फुलाचंही नाव तेच, ताऱ्यासारखं दिसतं म्हणून! मी ती तशीच्या तशी उचलून बाहेर टाकली. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं, मला गुलाब पाहिजे होते.

आणि वहिनीचं तिसरंच. ती रडायची नाही. सकाळी उठली की एकच विचारायची, 'शेवटी काय बोलले हो ते?' मी म्हणायचो, 'वहिनी, मी माळ्यावर होतो.' 'हो, पण काहीतरी बोलले असतीलच ना. गप्प राहणारे होते का ते?' दुसऱ्या दिवशी परत, 'भाऊजी, आठवलं का?' आठवणार काय? मला ऐकूच आलं नव्हतं तर! मला फक्त हसू ऐकू आलं होतं, आणि 'तो हसला' हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणजे बघा, तिला हवं होतं दादा शेवटी काय बोलला, मला हवं होतं दादानं शेवटी काय बघितलं, आणि त्या खोलीत ह्या दोन्हीला साक्षीदार एकच. पलंगावरचा.

मी हातोडी घेतली आणि निघालो.

फाटकापाशी हेल्मेट. 'आलास? बरं झालं. एक फळी राहिलीये, तेवढी लावून टाक. झालं ते झालं. मुलगा सारखा फोन करतोय.' मी म्हटलं, 'फळी लावायला नाही आलो.' तो माझ्या हातातल्या हातोडीकडे बघून बाजूला झाला. हेल्मेट घट्ट केलं त्यानं, शप्पथ!

कप्तान तसेच पडलेले. खोली तीच. घोडी मिटून भिंतीला लावलेली, पलंगाचा कठडा कुणीतरी इतका घासून पुसला होता की बाकी सगळ्या पलंगापेक्षा तेवढाच चकाकत होता. कप्तान म्हणाले, 'ये. वाटच बघत होतो. हातोडी कशाला?'

'तारा काढायचाय.'

'कुठला?'

'तेच तर विचारायला आलोय!'

ते हसले नाहीत. म्हणाले, 'आधी लाव तरी.' पेटीचं बटण आता खाली आलं होतं. मी पडदे ओढले, बटण दाबलं. आणि तुम्हाला सांगतो... मी ते बघितलंच नव्हतं हो कधी! मी माळ्यावर होतो ना. वर असताना झुरळ बघितलं होतं मी, झुरळ! आणि खाली हे होतं. छत राहिलंच नाही. खोलीचं झाकण कुणीतरी उचलून नेलं आणि थंडी आत आली, असं वाटलं. बारीक, मोठे, पुंजके, धूर पसरावा तसा मधला पट्टा. प्रत्येक भोक दादाच्या हातचं. कोपऱ्यात तेवढा एक काळा चौकोन, राहिलेल्या फळीचा.

कप्तान म्हणाले, 'काही कळतंय का? उलटं आहे.'

'काय उलटं आहे?'

'आकाश. डावीकडचं उजवीकडे गेलंय, उजवीकडचं डावीकडे.'

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. नकाशाचा कागद! दादानं तो फळ्यांच्या पाठीवर चिकटवला, कारण दोरे पाठीकडूनच घालायचे, भोकंही पाठीकडूनच पाडायची. सोयीचं पडतं. आणि मग फळी पालथी करून वर लावली. रुग्णवाहिकेच्या तोंडावर अक्षरं उलटी असतात बघा, तसं सगळं आकाश झालं. मी तिथेच होतो, माझ्याही लक्षात आलं नाही. आमच्याखेरीज असली चूक जगात कोण करेल? भिंत रंगवणारा नाही करणार. ज्याला आयुष्यभर छताची पाठ बघायची सवय, तोच करणार!

मी म्हटलं, 'म्हणजे एक नाही, सगळेच फिरलेले! सगळेच वाईट!' आणि हातोडी उचलली. खरंच उचलली. खुर्ची ओढली, चढलो.

'थांब,' कप्तान म्हणाले. 'मी तुझ्या भावालाही हेच सांगितलं होतं. उलटं आहे म्हणून.'

माझा हात वरच राहिला. 'मग? काय म्हणाला तो?'

'हसला. म्हणाला, कप्तान, वरून बघितलं तर सरळच आहे की.'

'...आणि मग?'

'मग काही नाही. तेच शेवटचं.'

मी खुर्चीवर उभा. डोक्याला तारे लागतायत. म्हटलं, 'आणि बघत कुठला होता? पाय सुटला तेव्हा? तारा कुठला, तेवढं सांगा. मग मी जातो.'

'तारा?' कप्तान म्हणाले. 'तारा नव्हता बघत तो. माझ्याकडे बघून हसत होता, आणि पायानं खाली चपला चाचपत होता.'

चपला!

ऐका... ऐका माझं. दादाची ही सवय. घोडीवरून उतरताना कधी खाली बघायचा नाही. एक पाय शेवटच्या पायरीवर, दुसरा खाली सोडून अंगठ्यानं चपला शोधणार, तोंडानं गप्पा चालू. आई म्हणायची, ह्याच्या अंगठ्याला डोळा आहे. ओल्या प्लास्टरमध्ये अनवाणी पाय टाकणार नाही म्हणून चपला घोडीखालीच काढायच्या. 'एक सापडली,' कप्तान म्हणाले, 'दुसरी पालथी पडली होती. तिच्यावर पाय पडला, ती सरकली.' मग हात पुढे केला, असा, पलंगाच्या बाहेर. 'एवढ्यावर होता तो. माझा हात पुरला नाही. मग मी घंटी वाजवली.' मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'तू वरून चहाचं काहीतरी ओरडलास.'

ऐकू आलं होतं त्यांना.

मी खाली उतरलो. बसलो जमिनीवर. ते सरांचं सगळं मी त्यांना सांगितलं, वाईट तारा, ग्रीक, इटली, फ्रेंच, फुलं. ते म्हणाले, 'शब्द बरोबर सांगितलाय. पण मी जन्मभर तारे बघून बोट हाकली. खडक लागले, वादळं लागली, एकदा माझाच माणूस दारू पिऊन सुकाणूवर झोपला. तारा एकही कधी जागचा हलला नाही. पण शब्द करायला बसणारे काठावर बसतात रे. त्यांना सुकाणूवरचा माणूस दिसत नाही, वरचं दिसतं.'

मी म्हटलं, 'मोडून सरळ करून देऊ का?'

'नको. जुने लोक आकाशाचा गोळा करायचे लाकडाचा, त्याच्यावर तारे असेच उलटे काढायचे. गोळा बाहेरून बघायचा ना. बाहेरून असंच दिसतं.'

'बाहेरून म्हणजे कुठून?'

'वरून,' कप्तान म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होती. म्हटलं, 'वहिनी, कळलं.' तिचे हात थांबले. 'कप्तान म्हणाले, आकाश उलटं लागलंय. तर दादा म्हणाला, वरून बघितलं तर सरळच आहे की.' ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे चूक कबूल केलीच नाही!' 'नाही.' 'शेवटपर्यंत नाही!' 'नाही, वहिनी.' 'लग्न झाल्यापासून एकदा... एकदा तरी म्हणाले असतील का हो, माझं चुकलं म्हणून? भिंतीत खिळा वाकडा गेला तर म्हणायचे, भिंत वाकडी आहे!' आणि हसायला लागली. तांदूळ सांडले. हसता हसता जे सुरू झालं ते सांगत नाही, ते आमच्या घरातलं आहे. पण त्या दिवसापासून सकाळचा प्रश्न बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी राहिलेली फळी करायला बसलो. आता गंमत बघा. मला माहीत होतं, कागद पाठीवर लावला तर उलटं होणार. आणि मी पाठीवरच लावला. लावावाच लागला! एकट्या कोपऱ्यात सरळ आकाश करून कसं चालेल? दादाच्या चुकीला चूक जोडायची तर तितकीच चूक करायला पाहिजे, केसभर कमी नाही. आयुष्यात इतक्या काळजीनं मी बरोबर काम केलेलं नाही, जितक्या काळजीनं ते चुकीचं केलं.

फळी धरायला दुसरा माणूस नव्हता, म्हणून हेल्मेटला दुसऱ्या घोडीवर चढवला. पहिल्यांदाच वर आला असावा. फोन खिशात वाजतोय, हात अडकलेले, आणि घाम हेल्मेटमधून गळतोय. मी फळी कोपऱ्यात बसवली. खाली कोण बघणार? सवयीनं तोंडातून गेलं, 'सरळ आहे का?' आणि पलंगावरून खर्जातला आवाज, 'थोडं डावीकडे.'

आणि मी... तुम्हाला सांगतो, मी विचार केला नव्हता हो, ते आपोआप आलं. आवाजसुद्धा माझा नव्हता.

'तुमचं डावं की माझं डावं?'

हेल्मेट म्हणाला, 'काय झालं? का थांबलास? माझे हात गेले रे!' मी कुठे थांबलो होतो? मी वाट बघत होतो. पुढचं भांडण यायचं होतं ना. खाली मी असतो तर म्हटलं असतं, तूच समजून घे. कोण म्हणणार? कप्तान म्हणाले, 'माझं. ह्या खोलीत कप्तान मी आहे.' मी फळी सरकवली. स्क्रू मारले. पेटी लावली. काळा चौकोन गेला. हेल्मेटनं मान वर केली, त्याचं हेल्मेट मागे पडलं, आणि म्हणाला, 'परफेक्ट!' मी म्हटलं, कप्तान, ह्या शब्दाचं मूळ मला सांगू नका.

उतरायला लागलो. शेवटच्या पायरीवर आलो आणि माझा पाय, माझा हो, ज्याला ही सवय कधीच नव्हती, तो खाली गेला आणि अंगठ्यानं चाचपायला लागला. टण! घंटी. 'खाली बघ, गाढवा!' कप्तान ओरडले. बघितलं. चपला तिथे नव्हत्याच. मीच आधी दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. तरी पाय शोधतच होता. अजून शोधतो. कुठल्याही घोडीवरून उतरलो तरी शोधतो.

तर तारा कुठला? कुठलाच नाही. एक पालथी चप्पल. पण एवढा देशोदेशी फिरलेला भारी शब्द, त्यात ताऱ्याऐवजी चपलेला कोण बसवणार? आणि भेटायला आलेल्यांना तरी मी काय सांगू? परवा एक लांबचे काका आले. बसले, पाणी प्यायले, डोळे पुसले. मग मान पुढे काढली, आवाज खाली आणला. 'किती उंचावरून पडला रे?' मी म्हटलं, 'आकाशातून.' ते म्हणाले, 'अरेरे! मग काय राहणार!' समाधान झालं त्यांचं. उठले, वहिनीला दोन शब्द बोलले, आणि दारात उभे राहून, आमच्याशी बोलत बोलत, पायानं चपला चाचपायला लागले. पुढे जिन्याची पायरी. मी जीव खाऊन ओरडलो, 'काका, खाली बघा!'

तर काय करावं त्यांनी?... दचकून वर बघायला लागले!